खान्देशातील आडवाटेच्या सहली : रस्ता भरवशाचा, माहिती उणी

चाळीसगाव आणि धुळे येथून निघणाऱ्या या सहली नेमके काय देतात हे आधी स्पष्ट केले पाहिजे, कारण जाहिरातीत लिहिलेले आणि प्रत्यक्षात पदरी पडणारे यांत अंतर आहे, आणि एरवीच्या अनुभवाच्या उलट ते अंतर बहुतांशी ग्राहकाच्या फायद्याचे आहे. जाहिरात ‘खान्देशातील अज्ञात वारसास्थळे’ दाखवण्याची आहे. ती स्थळे अज्ञात मुळीच नाहीत. वाघळीचे मुधाईदेवीचे मंदिर किंवा पाटणचे महेश्वराचे मंदिर ही केंद्रीय पुरातत्त्व खात्याची संरक्षित स्मारके आहेत आणि नकाशातही ती सापडतात. या सहलीत खऱ्या अर्थाने मिळतो तो तेथपर्यंत जाणारा रस्ता, तो रस्ता पाठ असलेला चालक आणि त्या चालकाची गावोगावी असलेली ओळख. या तीन गोष्टींसाठी पैसे मोजायचे असतील तर ते वसूल होतात. इतिहास समजून घेण्यासाठी मोजायचे असतील, तर तयारी आपली आपण करून जावे लागते.

ही सेवा एक कुटुंब चालवते. गाड्या मोजक्या आहेत आणि कामाचा पसारा आताच त्यांच्या आवाक्याबाहेर जाऊ लागला आहे, म्हणून येथे नाव देत नाही. चाळीसगाव स्थानकाबाहेरच्या टॅक्सीवाल्यांकडे चौकशी केली तर पत्ता लागतो. मुख्य मार्ग दोन आहेत. एक गिरणेच्या खोऱ्यातला, चाळीसगावहून निघून चाळीसगावलाच परतणारा. दुसरा धुळ्याहून पांझरा आणि बुराई या नद्यांच्या काठाने साक्री तालुक्यात जाऊन पुढे तापीकाठी थाळनेरला संपणारा. पाचोरा ते जामनेर हा तिसरा मार्ग आग्रह केल्यास मिळतो. शंभरेक वर्षे धावून थांबलेल्या ‘पीजे’ या अरुंद मापाच्या आगगाडीच्या खुणा आणि शेंदुर्णीचे त्रिविक्रमाचे मंदिर हे त्या मार्गाचे आकर्षण आहे. आम्ही तो घेतला नाही, त्यामुळे त्याविषयी मत देणे योग्य होणार नाही. माझ्यासोबत पत्नी आणि पुण्याहून आलेले तिचे मामा होते. मामा निवृत्त स्थापत्य अभियंता असल्यामुळे प्रत्येक भिंतीला हात लावून पाहिल्याशिवाय पुढे सरकत नाहीत, आणि अशा माणसाला घेऊन फिरताना चालकाच्या स्वभावाची खरी परीक्षा होते. चालकाला सगळा मुलूख ‘नाना’ म्हणतो, म्हणून आम्हीही नानाच म्हणू लागलो.

रस्त्यांच्या बाबतीत नानांच्या तोडीचा माणूस मिळणे कठीण आहे. मोठा रस्ता दिसला की तो टाळायचा, असा त्यांचा बाणा आहे. पण केवळ हौसेपोटी ते गाडी शेतात घालत नाहीत. गिरणेच्या मार्गावर जामदा बंधाऱ्यातून निघणाऱ्या कालव्याच्या कडेने जाणारा, कुठे डांबरी तर कुठे मुरुमाचा रस्ता त्यांनी निवडला होता. दोन्ही बाजूंना वेचणीला आलेली कपाशी, मधूनच उसाचा हिरवा पट्टा आणि बांधावर निंबाची जुनी झाडे असलेला हा रस्ता मोबाइलच्या नकाशावर एका वस्तीपाशी संपलेला दिसतो, प्रत्यक्षात मात्र तो पुढच्या गावाच्या पांढरीपर्यंत, म्हणजे गावठाणापर्यंत जातो. नाल्यावरच्या फरशी पुलापाशी पाणी वाहत असेल तर नाना गाडी थांबवून खाली उतरतात, पाण्याचा रंग आणि कडेची ओल पाहतात आणि मगच निर्णय घेतात. समोरून कापसाच्या गाठोड्यांनी भरलेला ट्रॅक्टर आला तेव्हा त्यांनी हॉर्न वाजवला नाही, निमूटपणे बरेच अंतर गाडी मागे घेतली. ज्यांच्या शिवारातून आपण जातो त्यांचा रस्ता आधी, हा संकेत पर्यटकांच्या गाड्या सहसा पाळत नाहीत.

गावात शिरण्याची त्यांची पद्धतही सांगण्याजोगी आहे. गाडी थेट देवळापाशी किंवा वाड्यापाशी न नेता ते ती पारापाशी उभी करतात. पारावरच्या मंडळींकडून ‘कथाईन उनात?’ (कुठून आलात?) अशी अहिराणीत विचारणा होते, नाना पाहुण्यांची ओळख करून देतात, कोणाची तब्येत, कोणाच्या मुलीचे लग्न अशी दोन वाक्ये होतात आणि त्यानंतर आपोआप कोणीतरी सोबत चालू लागते. या पाच-दहा मिनिटांत काहीच घडत नाही असे घाई असलेल्या प्रवाशाला वाटेल. परंतु बंद दाराची किल्ली कोणाकडे आहे, कोणत्या बोळातून मागच्या बाजूला जाता येते आणि कोणत्या ओसरीवर चढू नये, हे सगळे तेथेच कळते.

गिरणाकाठच्या एका गावात त्यामुळेच एका जुन्या घरात जाता आले. गावाचे नाव घरमालकांच्या विनंतीवरून देत नाही. खान्देशातील धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छपराची घरे आता झपाट्याने नाहीशी होत आहेत. स्लॅब टाकता येईल इतका पैसा हाती आला की पहिला घाव धाब्यावर पडतो. हे घर मात्र अजून राहते आहे. काळ्या दगडाचे कमरेएवढे जोते, त्यावर पांढऱ्या मातीच्या हातभराहून जाड भिंती, आत सागवानी खांबांच्या दोन रांगा, खांबाखाली घडीव दगडी उथळी आणि खांबावर दोन्ही बाजूंना पोपट कोरलेले आधाराचे लाकडी हात अशी त्याची रचना आहे. वर तुळया, तुळयांवर सरे (आडवी लाकडे), सऱ्यांवर फळ्या आणि फळ्यांवर मातीचा जाड थर. हा थर दरवर्षी पावसाळ्याआधी खाऱ्या मातीने नव्याने भरावा लागतो, कारण ती माती भिजली की फुगून भेगा बुजवते आणि पाणी आत झिरपू देत नाही. मामांनी धाब्यावर चढून उतार तपासला. चारी बाजूंना चार बोटांचा ढाळ आणि पन्हळीकडे नेणारी अगदी हलकी खोलगट रेघ. डोळ्यांना सपाट दिसणाऱ्या त्या मातीवर पाणी एक क्षणही थांबू नये असा सगळा हिशोब होता. एका सऱ्याला वाळवी लागली होती. घरातील आजींनी ती आधीच ओळखून खाली एक टेकू दिला होता आणि मामांना विचारले, ‘भाऊ, हा अजून किती वर्षे ओढेल?’ मामांनी टेकू हातभर डावीकडे सरकवायला सांगितला, आणि नाना व घरातला मुलगा यांनी तो तेथल्या तेथे सरकवला. अशी भेट कोणत्याही सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत छापता येत नाही.

आता उणिवेकडे वळतो, कारण ती लहान नाही. स्थळापाशी पोचल्यावर नाना जी माहिती देतात तिची दोनच सूत्रे आहेत. एखादी वास्तू पांडवांनी एका रात्रीत बांधलेली असते, किंवा ती हेमाडपंताने बांधलेली असते. पहिल्या सूत्राविषयी वाद घालण्यात अर्थ नाही. ती लोकांची श्रद्धा आहे आणि तिची स्वतःची गंमत आहे. दुसरे मात्र इतिहास म्हणून सांगितले जाते आणि पाटण येथे तर ते सरळच चूक ठरते. हेमाडपंत म्हणजे हेमाद्री पंडित हा महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. पाटणच्या महेश्वर मंदिराचे काम निकुंभ घराण्याच्या इंद्रराजाने सुरू केले आणि त्याचा मुलगा गोवन याच्या काळात शके १०७५, म्हणजे सन ११५३ च्या सुमारास ते पुरे झाले, असे तेथीलच शिलालेखावरून कळते. वाघळीचा शिलालेख त्याहूनही जुना, शके ९९१ म्हणजे सन १०६९ चा आहे. त्यात यादव राजा सेऊणचंद्र आणि त्याचा मांडलिक, मौर्य कुळातला गोविंदराज यांचा उल्लेख आहे. चुन्याशिवाय दगडावर दगड बसवण्याची ही शैली हेमाद्रीच्या नावाने ओळखली जात असली, तरी या दोन देवळांचे पाथरवट त्याच्या कितीतरी पिढ्या आधीचे होते. वाघळीत उभे राहून ‘हेही हेमाडपंताचे’ हे वाक्य ऐकताना मामा माझ्याकडे पाहत राहिले.

याहून अधिक खटकली ती गोष्ट वेगळी आहे. गिरणेच्या मार्गावर ही मंडळी पाटण आणि बहाळ ही दोन्ही ठिकाणे एकाच दिवशी दाखवतात, पण ती दोन्ही एकत्र का पाहावीत हे त्यांना माहीत नाही. चाळीसगावपासून सुमारे १८ किलोमीटरवर, गौताळा अभयारण्याच्या डोंगरकुशीत पाटण आहे. तेथील शके ११२८ चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा मुख्य ज्योतिषी होता. त्याने आजोबांच्या सिद्धान्तशिरोमणीचे आणि त्यांच्या कुळातील इतर ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून मठ स्थापला आणि निकुंभ राजांनी त्याला दान दिले, असा त्याचा आशय आहे. गिरणाकाठच्या बहाळ येथे शके ११४४, म्हणजे सन १२२२ चा शिलालेख आहे. तेथे देवीचे मंदिर उभारणारा अनंतदेव हा भास्कराचार्यांच्याच घराण्यातला आणि तोही सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी. चाळीसगाव तालुक्याच्या दोन टोकांना, दोन दशकांच्या आत, गणित आणि ज्योतिष जाणणाऱ्या एकाच कुळाच्या या दोन खुणा आहेत. डोंगरातून निघून नदीपर्यंत जाणारा हा रस्ता त्या कुळाच्या मागावर आखलेला असता, तर या सहलीला महाराष्ट्रात तोड नसती. आज तो केवळ ‘दोन जुनी देवळे’ म्हणून आखलेला आहे. बहाळला तर आम्ही पोचलो तेव्हा उन्हे कलली होती आणि नानांचे लक्ष परतीच्या वाटेकडे होते. त्याच गावाच्या पांढरीत १९५० च्या दशकात झालेल्या उत्खननात ताम्रपाषाण काळातली वस्ती सापडली आणि नदीपलीकडे टेकवाडे येथे त्या काळातली दफने मिळाली, याचा उच्चारही झाला नाही.

पाटणला गेल्यावर भास्कराचार्य येथेच जन्मले असेही ठासून सांगितले गेले. त्यांनी स्वतः आपल्या गावाचे नाव सह्याद्रीच्या आश्रयाला असलेले विज्जडविड असे दिले आहे आणि ते गाव नेमके कोणते यावर अभ्यासकांत एकमत नाही. शिलालेखातून निश्चित होतो तो नातवाचा मठ. पाटणच्या लोकांना याचा अभिमान वाटावा यात काही गैर नाही, पण पैसे घेऊन माहिती देणाऱ्याने एवढा विवेक ठेवावा ही अपेक्षा जास्त नाही. पाटणच्या परिसराला मात्र वेळ भरपूर दिला गेला आणि तेवढ्यापुरती तक्रार नाही. चंडिकादेवीच्या मंदिरातून वर नागार्जुन कोठडी, सीतेची न्हाणी आणि शृंगार चावडी या लेण्यांकडे जाणारी वाट चढाची आहे. मामांनी पायथ्याशी बसणे पसंत केले आणि नानांनी त्यांच्यासाठी एका दुकानातून खुर्ची आणून निंबाखाली ठेवली.

परतताना चाळीसगावात छायाचित्रकार केकी मूस यांचे घर दाखवले जाते. हे आडवाटेवर नाही, रेल्वे स्थानकापासून जवळच आहे, आणि नेमक्या याच कारणामुळे अनेक सहली ते गाळतात. या सेवेने ते गाळलेले नाही, याबद्दल तिचे कौतुक केले पाहिजे. केकी मूस (१९१२ ते १९८९) यांनी आयुष्याची कित्येक दशके या दगडी बंगल्याच्या आतच काढली. मेजावर कापूस, पीठ, काड्या, कागद मांडून त्यांनी उभ्या केलेल्या दृश्यांची छायाचित्रे पाहिली की ती खरी निसर्गदृश्ये नाहीत यावर विश्वास बसत नाही. येथे नानांनी अवाक्षर काढले नाही, दाराशी चपला काढून ते मागे उभे राहिले, आणि आम्हाला हवा तेवढा वेळ मिळाला.

धुळ्याहून निघणारा मार्ग अधिक रुक्ष आणि माझ्या मते अधिक महत्त्वाचा आहे. सुरुवात लळिंगच्या किल्ल्याने होते. गडाखालच्या कुरणातील लांडोर बंगल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३७ साली एका खटल्याच्या निमित्ताने आले असता उतरले होते. तेथे गाडी थांबते, पण माहिती पुन्हा त्रोटकच. धुळे शहरातील राजवाडे संशोधन मंडळ या मार्गात नाही, ही चूक सुधारण्यासारखी आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे निधन ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात झाले आणि पुढच्याच वर्षी हे मंडळ उभे राहिले. आडवाटेवरचे दगड पाहायला निघालेल्या माणसाने तासभर येथे घालवला तर पुढचे दगड बोलके होतात. आम्ही आग्रह धरला तेव्हा नानांनी गाडी वळवली, जादा पैसे मागितले नाहीत.

पांझरेच्या काठी मात्र या सहलीचा कळस आहे आणि तो कोणत्याही देवळाचा नाही. साक्री तालुक्यात नदीवर थोड्या थोड्या अंतराने दगड-चुन्याचे जुने बंधारे आहेत. त्यांच्यातून निघणाऱ्या पाटांवर फड बागायतीची व्यवस्था शेकडो वर्षे चालत आलेली आहे. नानांचे स्वतःचे आजोळ याच पट्ट्यातले असल्यामुळे येथे त्यांची वाणी बदलते. पांडवही नाहीत, हेमाडपंतही नाही. बोलतात ते पाण्याविषयी आणि जे बोलतात ते नेमके असते. बंधाऱ्याखाली भिजणाऱ्या सगळ्या जमिनीला थळ म्हणतात. थळाचे फड पडतात, बहुधा चार, आणि एका फडात एका हंगामात एकच पीक घेतले जाते. शेतकऱ्याची जमीन एकाच ठिकाणी नसून प्रत्येक फडात तिचा थोडा थोडा तुकडा असतो. त्यामुळे ज्या वर्षी पाणी कमी, त्या वर्षी एखादा फड कोरडा ठेवायचा असे ठरले, तर त्याची झळ कोणा एकाला न बसता सगळ्यांना सारखी बसते. पाणी सोडण्याचे काम पाटकऱ्याचे, पिकाची राखण जागल्याचे आणि त्या सर्वांवर देखरेख हवालदाराची. शेतकरी स्वतः दारे धरत नाही. पाटकरी वरच्या शेतापासून खालच्या शेतापर्यंत ओळीने पाणी देत जातो आणि सांडलेले पाणी पुन्हा नदीला मिळते.

आम्ही गेलो तेव्हा पाण्याची पाळी चालू होती. पाटकरी आबा फावड्याने चारीचे तोंड मोकळे करत होते. मातीचा एक लपका उचलून बाजूला ठेवायचा, पाणी वळले की पायाने तो परत दाबायचा, डोळे मात्र पुढच्या वाफ्यावर. नानांनी विचारले, ‘आबा, औंदा किती फड?’ आबांनी मान वर न करता तीन बोटे दाखवली. मामा बंधाऱ्याच्या सांडव्यावर बसून दगडांच्या सांध्यांतला चुना नखाने खरवडून पाहत होते आणि नदीच्या वळणावर, जेथे खडक उघडा आहे नेमका तेथेच बंधारा घालण्याची जागा ज्याने निवडली त्याच्या नजरेचे कौतुक करत होते. विश्वेश्वरय्या यांनी नोकरीच्या आरंभी, १८८४ च्या सुमारास, खान्देशात काम करताना याच पांझरेवर नळांचा सायफन बांधला होता, हे मामांना ठाऊक होते आणि नानांना नव्हते. पुढच्या वेळी पाहुण्यांना ते सांगण्याचे नानांनी कबूल केले. वरच्या अंगाला झालेली धरणे, विहिरी आणि वीजपंप यांमुळे बऱ्याच बंधाऱ्यांखालचे फड मोडले आहेत. जे चालू आहेत ते पाहण्यासाठी तरी हा मार्ग घ्यावा.

त्यानंतर मात्र कार्यक्रमाची ओढाताण सुरू होते. भामेर, बळसाणे आणि थाळनेर या तीन ठिकाणांना उरलेला दिवस अपुरा आहे हे नकाशा पाहिला तरी कळते. भामेर गावाच्या वेशीचा उंच नक्षीदार दगडी दरवाजा आणि मागच्या डोंगरात कोरलेल्या खोल्या व पाण्याची टाकी एवढेच नीट पाहायचे तर अर्धा दिवस हवा. आम्हाला वेशीपासून पहिल्या टाक्यापर्यंत नेऊन परत आणले गेले. बुराईकाठच्या बळसाणे येथे देवळांचा समूह आणि त्याच्या जोडीला मठासारखी वास्तू आहे. तेथील शिल्पांचे छायाचित्र घ्यायला गेलेल्या पत्नीला दोनदा हाक मारून बोलावण्यात आले. इतका दूरचा रस्ता कापून आलेल्या माणसाला मूर्तीपुढे पाच मिनिटे उभे राहू न देणे हा व्यवहार तोट्याचा आहे, आणि तो सेवा चालवणाऱ्यांनी स्वतःच ओढवून घेतलेला आहे. एक ठिकाण कमी केले तर कोणीही कुरकुर करणार नाही.

थाळनेरला आम्ही पोचलो तेव्हा तिन्हीसांज व्हायला फारसा वेळ नव्हता. खान्देशच्या फारुकी घराण्याचा संस्थापक मलिक राजा याने १३८२ च्या सुमारास आपला अंमल बसवला तो येथूनच; बऱ्हाणपूर ही राजधानी नंतरची. मलिक राजा आणि त्याच्यामागून आलेले पहिले सुलतान येथेच पुरले आहेत. कबरींवरच्या घुमटाकार इमारतींत अष्टकोनी इमारत सर्वांत देखणी. तिच्या भिंतींवरचे दगडातले कोरीव काम जवळून पाहावे असे आहे. किल्ल्याचा बराचसा भाग तापीने आणि काळाने नेला आहे. फेब्रुवारी १८१८ मध्ये सर थॉमस हिस्लॉपच्या फौजेने हा किल्ला घेतला, दरवाजापाशी झालेल्या गोंधळात इंग्रज अधिकारी मारले गेले आणि किल्लेदार तुळशीराम याला फाशी देण्यात आले. त्या शिक्षेवर पुढे इंग्लंडातही टीका झाली. यातले काहीही सहलीत सांगितले जात नाही. मी ते वाचून गेलो होतो म्हणून ढासळलेल्या तटापाशी पाय थांबले, नाहीतर आम्ही तापीचे छायाचित्र काढून परतलो असतो.

जेवणाविषयी दोन शब्द. गिरणेच्या मार्गावर एका घरी जेवण होते आणि ते उत्कृष्ट होते: कळण्याची भाकरी, काड्यांवर भाजलेल्या हिरव्या वांग्यांचे भरीत, कांद्याची पात आणि तेलात परतलेल्या मिरच्यांचा ठेचा. पांझरेच्या मार्गावर महामार्गालगतच्या ढाब्यावर शेवभाजी मिळते; तिच्यावर तेलाचा जो तवंग होता तो मामांनी चमच्याने काढून वेगळ्या वाटीत ठेवला आणि ती वाटी भरली. घरगुती जेवणाची सोय दोन्ही मार्गांवर केली पाहिजे. स्वच्छतागृहांची सोय हा त्याहून गंभीर प्रश्न आहे. बळसाणे ते थाळनेर या टप्प्यात स्त्रियांना जाता येईल असे स्वच्छ ठिकाण नानांना ठाऊक नव्हते. इतक्या घरांशी ओळख असलेल्या माणसाला हे जमवणे अवघड नाही. फक्त ते आधी सुचायला हवे.

दर दिवसाला ४,५०० रुपये आहे. त्यात सहा जणांपर्यंतची बोलेरो, इंधन, चालक आणि एक वेळचे जेवण येते. पाटणच्या वाटेवरील वनविभागाचे प्रवेश शुल्क वेगळे भरावे लागते. निम्मी रक्कम आगाऊ घेतली जाते आणि पावती मागितल्याशिवाय मिळत नाही. पावसाळ्यात काळ्या मातीच्या रस्त्यांवर गाडी रुतते म्हणून जुलै ते सप्टेंबर या काळात सहली बंद असतात, हे योग्यच आहे. एप्रिल-मेमध्ये त्या चालू ठेवल्या जातात, हे मात्र योग्य नाही. पारा ४५ अंशांच्या घरात असताना भामेरचा उघडा डोंगर चढवणे कोणाच्याही हिताचे नाही. नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ उत्तम, आणि त्यातही पांझरेवर जायचे असेल तर फडांना पाण्याची पाळी कधी आहे ते नानांना फोनवर विचारून दिवस ठरवावा. नोंदणी करतानाच बळसाणे किंवा भामेर यांपैकी एकच ठिकाण घ्यायचे असे स्पष्ट सांगितले तर ते ऐकतात. आमच्या नंतर गेलेल्या एका परिचितांनी तसे सांगितले होते आणि त्यांना बळसाण्यात पूर्ण दुपार मिळाली.